अननस घातलेला फणस

आमच्या घरात घटस्फोट झाला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तुम्हा मुलांना या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे, आणि त्या अर्थाने तो आमच्याकडे कोणाचा झाला नाही. नाना आणि आई, म्हणजे तुमचे पणजोबा आणि पणजी, शेवटपर्यंत एकाच घरात राहिले. मी म्हणते तो घटस्फोट जुना आहे. त्यात खरोखरचा घट असतो, मातीचा, पाण्याने भरलेला. तो कशासाठी भरतात हे मलाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. ही गोष्ट मी तुमच्या आईलासुद्धा तुकड्यातुकड्यांनीच सांगितली आहे. पण गेल्या आठवड्यात इराने तिच्या स्वयंपाकघरातला फोटो पाठवला. काळ्या कढईत मांसाच्या पट्ट्या, त्यात अननसाचे पिवळे तुकडे, वर तीळ. खाली लिहिलं होतं, ‘आजी, हे बीफ आहे, अननस घालून. गोड-तिखट. चव मस्त, पण जरा चिवट झालं. तुला राग नाही ना येणार?’ मी ‘नाही’ एवढंच लिहिलं. ते उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवताना मी ‘पूर्ण वाक्यात उत्तर द्या’ म्हणत आले, तेव्हा इरालाही पूर्ण उत्तर द्यायला हवं.

आम्ही काशीत दुर्गाघाटावर राहायचो, गंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. गल्ली इतकी अरुंद की समोरून सांड आला तर माणसाने कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं आणि तो जाईपर्यंत त्या घरच्यांशी गप्पा मारायच्या. पहाटे खालच्या पाठशाळेतली मुलं संथा म्हणायला लागत, मग देवळांच्या घंटा, मग नावाड्यांची भांडणं. सकाळची पहिली पोळी दारात येणाऱ्या गाईची. ती गाय आमची नव्हती, खरं तर कोणाचीच नव्हती, पण तिला वेळ बरोबर कळे आणि उशीर झाला तर ती शिंगाने दार वाजवी. माझ्या भावाने, म्हणजे दादाने, तिचं नाव ‘इन्स्पेक्टर’ ठेवलं होतं. आमची मराठी घरातली होती. गल्लीत पाय टाकला की हिंदी सुरू, आणि परत येताना त्यातले चार शब्द चपलांना चिकटून घरात येत. पुण्याचे पाहुणे आम्हाला हसत. नानांना मात्र कोणी हसत नसे, कारण नाना जे बोलत ते मोजकं आणि स्पष्ट असे. दादाला आणि मला लहानपणी स्तोत्रं शिकवताना ते एकच गोष्ट सांगत: ‘शब्द गिळू नका. अन्न गिळावं, शब्द गिळू नये.’

जेवणाची रीत अशी होती की नाना आधी जेवत आणि ते उठले की त्यांच्याच ताटात आई वाढून घेई. तुम्हाला हे वाचून राग येईल. मलाही पुढे आला. पण त्या ताटात नाना दर वेळी काहीतरी मागे ठेवत: अळूवडीचा एक तुकडा, पापडाचा अर्धा चंद्र, श्रीखंड असेल तर कडेला एक बोट. ‘पोट भरलं’ असं म्हणून उठत. पोट भरलेलं नसे. आई काही न बोलता तो घास सगळ्यात शेवटी खाई. त्या दोघांमध्ये प्रेमाची एवढीच बोली मी ऐकली आहे.

नाना यात्रेकरूंचे धार्मिक विधी करत. महाराष्ट्रातून माणसं येत, गंगास्नान, श्राद्ध, देवदर्शन करत आणि जाण्याआधी काशीत काहीतरी सोडून जात. एखादं फळ किंवा भाजी, जी पुन्हा जन्मात खायची नाही. तळहातावर पाणी घ्यायचं, नाना संस्कृतात संकल्प सांगत, मागोमाग यजमान म्हणे, आणि पाणी ताम्हनात सोडलं की झालं, ती वस्तू त्याला कायमची बंद. बहुतेक जण कारलं सोडत, नाहीतर दुधी. एका गृहस्थांनी सुरण सोडला, वर विचारलं, ‘उपासाला चालेल ना?’ नाना हसत नसत. संकल्पात वस्तूच्या नावाची एक जागा रिकामी असते आणि तिथे ते प्रत्येक भाजीचं संस्कृत नाव घालत. टोमॅटो आणि फ्लॉवर आले तेव्हा अडचण झाली. दादा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. तो नानांच्या पाठीमागे बसलेला असे. टोमॅटोला ‘रक्तवार्ताक’, म्हणजे लाल वांगं, हा शब्द त्याने शोधला, आणि नानांनी तो पुढे कायम वापरला. यजमान उठून गेल्यावर दोघं बापलेक असले शब्द जुळवत बसत. इतर वेळी त्यांना एकमेकांशी फारसं काही बोलायला नसे.

दादा विद्यापीठातून धातुशास्त्र शिकला आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. तीन हिवाळे तिकडे काढून तो सुट्टीवर घरी आला तेव्हा चैत्र लागला होता आणि बाजारात कच्चे फणस आले होते. त्याच्या ट्रंकेत स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक बाटली होती, काळ्या पाण्याची. आईने ती उजेडात धरली. ‘हे काय रे, डांबर आणलंस?’ दादा म्हणाला, ‘सोयाबीनचं पाणी आहे, आई, खारट असतं. शुद्ध शाकाहारी.’ ‘आणि डांबर काय मांसाहारी असतं?’ आई म्हणाली, आणि बाटली स्वयंपाकघरात न नेता जिन्यातल्या कोनाड्यात ठेवली.

तिकडे त्याच्या खोलीत लिन नावाचा एक चिनी मुलगा राहत होता. पहिल्या हिवाळ्यात दादा ताप येऊन पडला. ब्रेड आणि उकडलेले बटाटे खाऊन तो इतका वाळला होता की वर्गात चक्कर येई. लिनने त्याला खाऊ घालून उभं केलं. दर रविवारी तो मांस पातळ चिरून, आलं-लसूण, ते काळं पाणी, साखर आणि डब्यातला अननस घालून मोठ्या आचेवर परतत असे. आम्हाला हे सगळं दादाने गच्चीवर सांगितलं, म्हणजे मला सांगितलं. मी तेव्हा ‘कसलं मांस’ असं विचारलं नाही. मिशनच्या शाळेत शिकत असूनही मला तो प्रश्न सुचला नाही, इतकं ते मनाच्या बाहेर होतं.

‘कुमे, तुला करून घालतो,’ तो म्हणाला. ‘मांसाच्या जागी कटहल, आपला फणस. काय फरक पडतो? इथले निम्मे लोक कटहलच गोश्त समजून खातात.’ आमच्या चुलीवर कांदा-लसूण चढत नसे, म्हणून त्याने कोळशाची अंगीठी गच्चीवर नेली. अननस बंगाली वस्तीतल्या फळवाल्याकडून आणला. आईचा उपास होता आणि नाना यजमानांकडे जेवायला गेले होते. दादाने हाताला आणि विळीला तेल लावलं, तरी फणसाचा चीक त्याच्या मनगटापर्यंत गेला. ‘हे बघ,’ तो म्हणाला, ‘लिन मला शिकवायचा. आधी रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघायचं आणि त्यांना आडवं चिरायचं. रेषेच्या दिशेने चिरलं तर चावून चावून जबडा दुखतो.’ फणसाला तसल्या रेषा नसतात. तरी त्याने प्रत्येक फोड बोटावर फिरवून पाहिली आणि मगच विळीवर धरली. तेल धुरावलं, आल्या-लसणाचा वास उठला, फणसाच्या फोडी तांबूस झाल्या, मग गूळ, मग ते काळं पाणी, आणि सगळ्यात शेवटी अननस. अननस कढईत पडला तेव्हा जो आवाज झाला आणि जो वास आला तो मी अजून विसरलेले नाही. गोड, खारट, जळका, आंबट, सगळं एकदम. शेजारच्या गच्चीवरची माकडंसुद्धा कठड्यावर येऊन बसली.

त्या गच्चीवर सप्रेकाकू पापड वाळत घालत होत्या. भल्या बाई होत्या, दादाला त्यांनी मांडीवर खेळवलं होतं. त्या ओरडल्या, ‘काय रे श्रीधर, काय पकवतोयस? वास तर अगदी गोश्ताचा येतोय!’

‘ओळखलंत काकू!’ दादा उलथनं वर करून म्हणाला. ‘बीफ आहे, बीफ! या, वाढू का?’

‘नको रे बाबा, माझं जेवण झालंय,’ काकू हसून म्हणाल्या.

त्या हसल्या म्हणून तोही हसला. मीही हसले. आम्हा दोघांना वाटलं, त्यांना चेष्टा कळली. खरं म्हणजे त्यांना शब्दच कळला नव्हता. सप्रेकाकूंना इंग्रजी येत नव्हतं, आणि परदेशातून आलेल्या मुलाला ‘म्हणजे काय’ असं विचारणं त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी तो शब्द तसाच घरी नेला आणि रात्री पान वाढताना नवऱ्याला विचारलं, ‘अहो, बीफ म्हणजे कुठली भाजी?’ सप्रे पोस्टात होते, त्यांना इंग्रजी येत होतं.

सकाळपर्यंत ती गोष्ट घाटावर पोचली. काकूंचं हसणं पायऱ्या उतरता उतरता कुठेतरी गळून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना संध्या आटोपून उठत होते तेवढ्यात मोठे शास्त्रीबुवा आले, बरोबर आणखी दोघं. शास्त्रीबुवा नानांचे गुरुबंधू, आमच्याकडे नेहमी येणारे. पण त्या दिवशी ते बैठकीत बसले आणि पाण्याला हात लावला नाही. आई आतल्या दाराशी उभी होती. तिने तो न उचललेला पेला पाहिला आणि तिला समजलं की काहीतरी फार मोठं झालं आहे. शास्त्रीबुवांनी ऐकलं होतं ते सांगितलं. नाना दादाकडे वळले. ‘काल काय केलं होतंस?’

‘फणस,’ दादा म्हणाला. ‘मी चेष्टा केली, नाना. माझं चुकलं. फणसच होता.’

‘तसं असणारच,’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘पण लोक विचारतात. श्राद्धाला नानांना बोलवायचं की नाही, असं विचारतात. मी काय सांगू?’

तेव्हा आई बैठकीत आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी आलेली मी पाहिली नव्हती. तिच्या हातात वाटी होती, ताटलीने झाकलेली. आदल्या दिवशी उपासामुळे तिला खाता आलं नव्हतं म्हणून दादाने तिच्यासाठी ती जिन्यातल्या कोनाड्यात ठेवली होती, आणि ‘उद्या खाईन हो’ असं ती म्हणाली होती. तिने ताटली काढली. तिघंही थोडे मागे सरकले. आईने एक फोड उचलली, सगळ्यांना दिसेल अशी बोटांनी फाडली आणि तिच्यातली पांढरी कोवळी आठळी तळहातावर घेतली.

‘ही बघा,’ ती म्हणाली. ‘गाईला आठळी असते का?’

मग आईने ती फोड खाल्ली. उभ्या उभ्या, डोक्यावरचा पदर दातांत धरायचा सोडून, त्या तिघांसमोर, एकेक करत सगळी वाटी संपवली. गारढोण, लसूण घातलेला, चिकट झालेला तो फणस. जन्मात तिने लसूण खाल्ला नव्हता. अननसाचा शेवटचा तुकडा तिने चावला, आणि मला वाटतं तिला तो आवडला, कारण ती क्षणभर थांबली आणि तिने दादाकडे पाहिलं.

शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले. ‘वहिनी, पुरे,’ ते म्हणाले. ‘फणसच तो. मी सांगेन सगळ्यांना.’ पेला उचलून ते पाणी प्यायले. नानांनी श्वास सोडला. इथेच ही गोष्ट संपायची. शास्त्रीबुवा उठले, उपरणं झटकलं, दाराशी चपलेत पाय घालता घालता दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘तिकडे मात्र सांभाळून राहिलास ना रे बाळ?’

तो काही प्रश्न नव्हता. माणूस निरोप घेताना ‘बरंय ना सगळं’ म्हणतो, तसं ते होतं. त्याला उत्तर नसतं. नुसती मान हलवायची असते.

‘नाही, शास्त्रीबुवा,’ दादा म्हणाला. ‘तिकडे खाल्लं.’

पुढचे दोन दिवस घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. वाट नव्हती असं नाही. परदेशी जाऊन आलेल्यांसाठी प्रायश्चित्त असतं, आणि शास्त्रीबुवांनीच ते सौम्यात सौम्य काढून दिलं: घाटावर संकल्प, क्षौर म्हणजे मुंडण, स्नान, पंचगव्य, की मुलगा पहिल्यासारखा घरात. दादा लगेच तयार झाला. आईच्या पायाशी बसून तो म्हणाला, ‘तू म्हणशील तर रोज शेण खाईन. नाहीतरी सगळं त्या इन्स्पेक्टरच्याच घरचं.’ आईने त्याच्या डोक्यावर चापट मारली आणि त्याचे केस कुरवाळत बसली. उद्या ते केस जाणार होते ना.

सकाळी आम्ही दुर्गाघाटावर उतरलो. आई आणि मी वरच्या पायऱ्यांवर थांबलो. न्हावी धोकटी उघडून बसला होता, पळसाच्या द्रोणात पंचगव्य तयार होतं. नानांनी दादाच्या तळहातावर पाणी घातलं आणि संकल्प सुरू केला. दादाचा आवाज स्वच्छ होता, पाठशाळेच्या मुलांनी ऐकत राहावं असा. मग ती जागा आली जिथे पाप कसं घडलं ते सांगायचं असतं. नाना म्हणाले, ‘अज्ञानात्.’ नकळत.

दादा म्हणाला, ‘ज्ञानात्.’

नाना थांबले. त्यांनी पुन्हा सांगितलं, पहिल्या अक्षरावर जोर देऊन, लहानपणी आम्हाला सांगत तसं. ‘अ-ज्ञानात्.’

‘ज्ञानात्.’

न्हाव्याला काही कळलं नाही. तो वस्तरा चामड्यावर लावतच होता. शास्त्रीबुवा पुढे झाले. ‘नाना, नदीवर आवाज फार आहे,’ ते म्हणाले. ‘मला तर अज्ञानातच ऐकू आलं. पुढे चला.’ इतका मोठा माणूस, आणि तो खोटं बोलत होता, आमच्यासाठी.

‘नाही, शास्त्रीबुवा,’ दादा म्हणाला. ‘मी अ म्हटला नाही.’

‘का रे?’ नाना संस्कृत सोडून मराठीत म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. ‘एक अक्षर आहे, श्रीधर.’

‘नाना, त्याने मला विचारलं होतं. लिनने. पहिल्याच दिवशी. म्हणाला, हे गाईचं आहे, तुझ्या धर्मात चालतं का? मी चालतं म्हणालो. आता मला माहीत नव्हतं असं गंगेत उभं राहून म्हणू? मग त्याने मला फसवून खाऊ घातलं, असं होतं. त्याने मला जगवलंय. बाकी तुम्ही सांगाल ते करतो. जाणून खाल्लं असं म्हणू द्या आणि मोठं प्रायश्चित्त द्या.’

जाणून खाल्ल्याचं जे प्रायश्चित्त पोथीत होतं ते जिवंत माणसाने करण्यासारखं नव्हतं. शास्त्रीबुवा म्हणाले, घाई नको, चातुर्मासापर्यंत बघू. सगळ्यांना थांबायचं होतं. नाना थांबले नाहीत. ते तिसऱ्यांदा म्हणाले, ‘अज्ञानात्,’ अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि संकल्प पुरा न करताच तळहातावरचं पाणी नदीत सोडून दिलं.

आज मी या दोघांपैकी कोणाचं बरोबर, हे ठरवायला बसत नाही. दादाला शब्द गिळायचा नाही हे नानांनीच शिकवलं होतं, आणि नानांनाही तो गिळता आला नाही. घाटाच्या पायऱ्या चढताना ते शास्त्रीबुवांना म्हणाले, ‘त्याला शिकवलंय मी. तो चुकून म्हणणार नाही.’ त्यात दुःख होतं, आणि मला आजही वाटतं, थोडा अभिमान होता. म्हणूनच ते इतकं भयंकर होतं.

दादा ट्रंक घ्यायला वर आला. आईने सांज्याची ताटली भरून ठेवली होती. ‘खाऊन जा,’ ती म्हणाली. नाना दारात होते. ‘आता नाही,’ ते म्हणाले. आईने ताटली खाली ठेवली नाही. दादा ट्रंक खांद्यावर घेऊन उतरायला लागला तरी ती तशीच धरून उभी होती. जिन्याच्या वळणावर तो थांबला. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, ‘कुमे, आडवं चिरायचं. विसरू नकोस.’

दुपारी खालच्या चौकात मातीचा घट आणला. त्याचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. माणूस जिवंत असतो, पण घरच्यांनी त्याला पाणी देणं संपलं असं ठरवायचं, आणि मेलेल्याचं करतात तसं जानवं उजव्या खांद्यावर घेऊन ते जाहीर करायचं. पाण्याने भरलेला घट दक्षिणेकडे तोंड करून दासीने पायाने लवंडायचा. दासी म्हणून आमची भांडी घासणारी राजमती उभी केली. तिला काही नीट सांगितलं नव्हतं. पाय लाव, एवढंच सांगितलं.

‘भइया त जीयत हउवन, महराज,’ ती नानांना म्हणाली. भैया तर जिवंत आहेत.

नाना म्हणाले, ‘पाय लाव.’

पहिल्यांदा घट हलला आणि पुन्हा बसला. दुसऱ्यांदा तो कलंडला आणि पाणी फरशीवरून पसरत मोरीकडे गेलं. त्या पाण्याला काही आवाज झाला नाही. मग आम्ही सगळ्यांनी अंघोळ केली. सुतक होतं, चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय आली. पोळी नव्हती. तिने शिंगाने दार वाजवलं, बराच वेळ वाजवलं, आणि कोणी उठलं नाही.

दादा परत गेला तो पुन्हा काशीला आला नाही. तिकडेच राहिला, तिकडेच वारला. नानांसमोर त्याचं नाव कोणी घेत नसे. नानांची बोलावणी चालू राहिली, माझं शिक्षण चालू राहिलं, पुढे लग्नही चांगल्या घरात झालं. घट लवंडून जे मिळवायचं होतं ते सगळं मिळालं. आई पूर्वीसारखंच सगळं करत होती: सडा, सोवळं, स्वयंपाक, नाना उठले की त्यांच्या ताटात जेवण. नाना शेवटचा घास ठेवत होते. ती तो खात होती, पण शेवटी नाही, पहिला खाऊन टाकी, औषध घ्यावं तसा.

पुढच्या चैत्रात बाजारात पुन्हा फणस आले. एका सकाळी यजमान नव्हते, नाना रिकामे बसले होते. आई ताम्हन आणि पळी घेऊन त्यांच्यासमोर पाटावर बसली.

‘अहो, मला एक सोडायचंय,’ ती म्हणाली. ‘संकल्प सांगा.’

नाना गोंधळले. ‘आपण काशीचेच. आपण काय सोडायचं?’

‘काशीच्या माणसांनी सोडू नये असं आहे का पोथीत?’

तसं नव्हतं. नानांना वाटलं, फणस. मलाही तेच वाटलं. मी दारात तांदूळ निवडत होते. त्यांनी तिच्या तळहातावर पाणी घातलं आणि सुरू केलं. देश, काळ, तिथी, नाव, गोत्र. ती मागोमाग म्हणत होती, एक अक्षर न गिळता. वस्तूच्या नावाची रिकामी जागा आली. नानांनी तिच्याकडे पाहिलं.

‘तुमच्या ताटात जेवणं,’ आई म्हणाली.

पाठशाळेतली मुलं त्या दिवशी काय म्हणत होती ते मला आठवत नाही, पण ती म्हणत होती, कारण आमच्याकडे तेवढाच आवाज होता. नाना तिला ‘नको’ म्हणू शकले असते. पण संकल्प अर्धा झाला होता, पाणी तिच्या हातात होतं आणि शब्द तिने उच्चारला होता. त्याला संस्कृत नाव हवं होतं. त्यांनी सवयीने मान किंचित मागे वळवली, जिथे दादा बसायचा तिकडे. मग पुन्हा समोर पाहिलं.

‘पतिपात्रे भोजनम्,’ नाना म्हणाले.

‘पतिपात्रे भोजनम्,’ आई म्हणाली, आणि पाणी सोडलं.

त्या दिवसापासून ती भिंतीशी बसून पत्रावळीवर जेवू लागली. नाना सवयीने ताटात घास ठेवत राहिले. तो राजमती घासायच्या भांड्यांबरोबर घेऊन जाई. आई गेली तेव्हा मी दादाला तार केली. अग्नी नानांनी दिला.

इरा, तू विचारलंस, राग येईल का. मी बीफ कधी खाल्लं नाही, आता खाणार नाही आणि तू खाऊ नकोस असंही म्हणणार नाही. कोणी विचारलं तर काय खाल्लंस ते सांग. मी तुझा फोटो मोठा करून पाहिला. तू मांस रेषेच्या दिशेने चिरलं आहेस, म्हणून ते चिवट झालं. रेषा बघायच्या आणि आडवं चिरायचं. अननस सगळ्यात शेवटी घालायचा.